कानडा : न कळणाऱ्या शेजाऱ्याचे नाव

तुकारामांच्या गाथेत एका विजोड संसाराचा अभंग आहे. बायको कानडी, नवरा मराठी. ती लाडाने ‘इल्लि बा’, म्हणजे ‘इकडे ये’, अशी हाक मारते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळ काढतो. ‘कानडा’ या शब्दाचे कोडे या घरात सुटते, असे माझे ठाम मत आहे.

कोडे जुने आहे. ज्ञानदेवांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे आणि लगोलग ‘कर्नाटकु’ही. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाने हा देव दक्षिणेकडून आल्याचे मत जोरकसपणे मांडले, त्या बाजूने पाहिले तर दोन्ही शब्द सरळ मुलूख सांगतात. कीर्तनकारांचा अर्थ वेगळा : कानडा म्हणजे अगम्य, कर्नाटकु म्हणजे नाटक करणारा, लीलाधर. हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. जुन्या मराठीत अवघड, न उकलणाऱ्या गोष्टीला खरोखरच कानडे म्हणत. आणखी कोणी ‘कान्हा’पासून कानडा काढतात, पण मग पाठोपाठ कर्नाटकु कशाला आला, याला त्यांच्याकडे उत्तर नाही.

मला या भांडणात दम दिसत नाही, कारण ‘अगम्य’ हा अर्थ ‘कर्नाटकातला’ याच अर्थाच्या पोटी जन्मला आहे. आधी भाषेचे नाव. मग अभंगातल्या मराठी नवऱ्याप्रमाणे ती कोणाला कळेना, म्हणून जे जे कळेना ते कानडे. आडवळणाच्या उद्योगाला ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणणाऱ्या मराठीला ही खोड नवी नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. इतकी जवळची भाषा अनाकलनीय कशी ठरेल? मी म्हणतो, जवळची म्हणूनच. जी भाषा कधी कानावर पडत नाही, तिच्या न कळण्याचा कोणाला त्रास? सतत ऐकूनही जी उमगत नाही, तीच वाक्प्रचारात शिरते. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातच होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ सालचा लेख आहे, संस्कृत आणि कानडी. देव आपला आणि त्याच्या घरातली अक्षरे परकी! मराठी मुलखातून आलेल्या भक्ताच्या मनात कानडेपण आणि गूढपण इथे एकत्र आले असणार.

त्याच शतकात चक्रधरस्वामी शिष्यांना कानडदेशी जाऊ नका असे बजावतात. म्हणजे मुलुखाचा अर्थही तेव्हा चांगला जिवंत होता. तेव्हाच्या श्रोत्याला ‘कानडा’ म्हणताच दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत असतील, आणि ज्ञानदेवांना दोन्ही हवे असतील. कीर्तनकाराने अगम्य म्हणावे, संशोधकाने कर्नाटकातला म्हणावे. पण कीर्तनकार संशोधकाचा अर्थ खोडायला निघाला की तो स्वतःच्याच अर्थाचे मूळ तोडतो.