मर्फा : हैदराबादच्या एका तालाची कुळकथा

मर्फा हे हैदराबादमध्ये लग्नाच्या वरातीपुढे, निवडणुकीतील विजयाच्या मिरवणुकीत आणि आनंदाच्या इतर प्रसंगी वाजणाऱ्या तालवाद्यमेळाचे नाव असून, या मेळातील नगाऱ्याच्या जातीच्या एका वाद्यालाही तेच नाव आहे. मेळाचा सगळा भार तालावर असतो. गळ्यात ढोल अडकवलेले वादक, हातात डफ घेतलेले वादक, काठ्यांनी वाजवली जाणारी स्टीलची घागर आणि 'थापी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडी पट्ट्या एवढ्या सामग्रीवर पंधरा ते तीस पुरुषांचा ताफा रस्ता दणाणून सोडतो, आणि त्यांच्यापुढे काठ्या किंवा तलवारी फिरवीत नाचणारे असतात. या मेळाचे कूळ शोधत गेले की वाट चारमिनारापाशी थांबत नाही. ती अरबी समुद्र ओलांडून येमेनला आणि तेथून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाते.

शब्द अरबी आहे. येमेनमध्ये पुरुष हातात जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, घेऊन 'बरअ' नावाचे जे समूहनृत्य करतात, त्याला साथ करणाऱ्या दोन वाद्यांपैकी एकाचे नाव 'मर्फअ' आणि दुसऱ्याचे 'तासा' असे आहे. मराठी वाचकाला यातले दुसरे नाव परके वाटणार नाही, कारण 'तास' म्हणजे वाटीच्या आकाराचे भांडे आणि त्यावरूनच आपला ताशा आला. गणेशोत्सवात पुण्याच्या रस्त्यावर जो कडाडतो तो मर्फ्याचा जुना जोडीदारच होय. मात्र शब्दाचे मूळ सापडले म्हणजे तालाचे मूळ सापडले असे होत नाही, आणि मर्फ्याच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

येमेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हद्रमौत या प्रदेशाचा मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांमुळे पूर्व आफ्रिकेशी शतकानुशतके संबंध होता, आणि या जहाजांतून लोबान व खजुराबरोबर गुलाम म्हणून विकलेली माणसेही येत असत. त्यांतील अनेक जण पुढे दख्खनमध्ये पोहोचले. 'हबश' म्हणजे अबिसीनिया, आजचे इथिओपिया, यावरून त्यांना हबशी म्हणत, आणि 'सय्यिदी' या आदरार्थी अरबी शब्दावरून सिद्दी. मराठी इतिहासाला हे लोक चांगले ठाऊक आहेत. इथिओपियात सुमारे 1548 मध्ये जन्मलेला, बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत विकला गेलेला आणि तिचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. जंजिऱ्याच्या सिद्दीने मराठी आरमाराला दीर्घकाळ झुंजवत ठेवले. परंतु आपल्या बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत सिद्दी येतो तो तलवार घेऊन किंवा किल्ला लढवीत. त्याच माणसांनी आपल्याबरोबर एक तालपरंपरा आणली होती, याची नोंद घेण्याचे मराठीत जवळजवळ राहूनच गेले.

ती परंपरा हैदराबादेत रुजली याचे कारण निजामाचे लष्कर. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत निजामाच्या बिनकवायती फौजेत हद्रमौतचे अरब मोठ्या संख्येने होते. त्यांच्या बराकींवरून शहराच्या दक्षिणेकडील वस्तीला 'बारकस' हे नाव पडले, आणि त्यांचे वंशज असलेले चाऊस हैदराबादबरोबरच परभणी, नांदेड, औरंगाबाद या मराठवाड्यातील गावांतही स्थायिक झाले. ही ये-जा एकतर्फी नव्हती. हद्रमौतच्या किनाऱ्यावर 1967 पर्यंत राज्य करणारे कुऐती घराणे मूळचे निजामाच्या चाकरीतील जमादारांचे होते आणि त्याची सत्ता हैदराबादेत कमावलेल्या पैशावर उभी राहिली होती. अरबांच्या या येण्याजाण्यातच आफ्रिकी वंशाचे लोकही निजामाच्या राज्यात आले. वनपर्ती संस्थानच्या राजाने बाळगलेले आफ्रिकी शरीररक्षक एकोणिसाव्या शतकात निजामाला भेट म्हणून देण्यात आले, आणि त्यांच्यातूनच आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स हे घोडदळ आकाराला आले. मासाब टँकजवळ त्यांची वस्ती होती. निजामाच्या स्वारीबरोबर दिमाखाने दौडणारे हे घोडेस्वार घरी परतल्यावर लग्नात, बारशात आणि सणावारी मर्फा वाजवीत.

या वादनाची घडण नीट ऐकण्यासारखी आहे. ढोल खर्जातला ठेका धरून ठेवतो आणि तो सहसा सोडत नाही. मिरवणुकीआधी डफाचे कातडे विस्तवावर शेकून ताणून घेतलेले असते, त्यामुळे त्याचा आवाज कोरडा आणि स्पष्ट येतो आणि तो ठेक्याच्या मधल्या जागा भरतो. या दोहोंच्या वर घागरीचा धातूचा खणखणाट आपली वेगळी चाल चालवतो, आणि ऐकणाऱ्याचा पाय एका थरावर पडत असताना खांदे दुसऱ्या थरावर हलू लागतात. एकाच वेळी चालणारे, एकमेकांत न विरघळणारे तालाचे असे अनेक पदर हे आफ्रिकी संगीताचे सर्वपरिचित लक्षण आहे. समेवर येऊन विसावणाऱ्या आपल्या आवर्तनाच्या कल्पनेहून ते निराळे आहे.

हैदराबादेत या मेळाला सर्रास 'अरबी मर्फा' म्हटले जाते. नावापुरते ते बरोबर आहे आणि चाऊस मंडळींनी हा मेळ जोपासला हेही खरे आहे. परंतु केवळ 'अरबी' म्हणून थांबणे सिद्दींवर अन्याय करणारे आहे. स्वतः हद्रमौतच्या तालसंगीतातच आफ्रिकेचा वाटा मोठा आहे, आणि हैदराबादेत तो घोडदळाच्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला. भारतातील इतर सिद्दींची उदाहरणे याला पुष्टी देतात. गुजरातेत बावा गोर या पिराचे भक्त असलेले सिद्दी जो 'गोमा' नाचतात, त्याचे नाव स्वाहिली भाषेतील 'न्गोमा' या शब्दावरून आले असून त्या शब्दाचा अर्थ ढोल आणि नाच असा दोन्ही होतो. त्यांचे 'मलुंगा' हे भोपळा बांधलेले एकतारी धनुष्यवाद्य ब्राझीलमधील आफ्रिकी वंशजांच्या बेरिंबाऊचे सख्खे भावंड शोभते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दींचा दमामी नाच आहे. भाषा गेली, मूळ गावांची नावे गेली, पण ढोलावरचा हात राहिला, ही गोष्ट अटलांटिकच्या पलीकडच्या तीरावर घडली तशीच ती अरबी समुद्राच्या या काठावरही घडली आहे. त्रिनिदाद बेटावर तर हे दोन प्रवाह शेजारी आले : 1845 पासून तेथे गेलेल्या भारतीय मजुरांनी ताशा नेला, जो तेथे आजही 'तासा' म्हणून वाजतो, आणि त्याच बेटावरील आफ्रिकी वंशजांनी विसाव्या शतकात तेलाच्या रिकाम्या पिंपांतून स्टीलपॅन हे वाद्य घडवले. हाताशी आलेल्या धातूच्या भांड्याला बोलते करण्याची ही वृत्ती हैदराबादच्या घागरीत ओळखू येते.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1951 मध्ये आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स मोडीत निघाले. चाकरी गेली, घोडे गेले, आणि घरच्या आनंदाचा मर्फा अनेकांसाठी पोट भरण्याचा धंदा झाला. याच काळात ताल वस्तीबाहेर पडला. मर्फ्याचा ठेका आणि तेलंगणातील डप्पू, म्हणजे आपल्या हलगीच्या कुळातील चर्मवाद्य, यांच्या सहवासातून 'तीनमार' नावाने ओळखला जाणारा वरातीचा ताल लोकप्रिय झाला, आणि आज बोनालूच्या जत्रेत व हुसेनसागराकडे जाणाऱ्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत हजारो लोक त्यावर नाचतात. नाचणाऱ्यांतील फार थोड्यांना त्या तालाचा सिद्दींशी संबंध माहीत असतो.

घोडदळाच्या वस्तीला हैदराबादकर आजही 'एसी गार्ड्स' म्हणतात, आणि त्यातील 'ए' हे अक्षर आफ्रिकेचे आहे. दख्खनी आणि उर्दू समजणारे मराठी अभ्यासक हैदराबाद आणि मराठवाड्यात आहेत. वस्तीतील वृद्ध वादकांकडून मर्फ्याच्या लयी, त्यांची नावे आणि त्या कोणी कोणाला शिकवल्या याची माहिती त्यांनी ध्वनिमुद्रित करून घ्यावी, आणि हे काम ते वादक हयात आहेत तोवरच व्हायला हवे.