दाहनुकेचे मुख : उत्तर कोकणातील एका मासेमारी उपसागराचा भूगोल व अर्थव्यवहार

नाशिकच्या लेण्यांतील एका प्रसिद्ध शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांच्या साह्याने विनामूल्य उताराची सोय केल्याचा उल्लेख आहे. यांतील दाहनुका म्हणजे आजची डहाणूची खाडी होय. दोन स्वरांमधील ‘क’चा लोप, ‘न’चा ‘ण’ आणि आरंभीच्या ‘द’चा ‘ड’ हे तिन्ही बदल मराठीच्या इतिहासात नित्याचेच आहेत. दाडिमाचे डाळिंब झाले त्याच मार्गाने दाहनुकेचे डहाणू झाले. सुमारे अठरा-एकोणीस शतके एखाद्या लहानशा खाडीचे नाव टिकून राहावे ही सामान्य गोष्ट नव्हे. राज्यकर्ते बदलले, किल्ले बांधले गेले व पडले; सोळाव्या शतकात येथे पोर्तुगीज आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर व त्यामागून वसई मराठ्यांच्या हाती आली. या राजकीय घडामोडींचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. खाडीच्या मुखापुढील पाण्याचा इतिहास मात्र बहुतांशी कागदावर आलेला नाही. तो तेथील शब्दांत आणि वहिवाटीत शोधावा लागतो.

वाढवणच्या खडकाळ टोकापासून ईशान्येस डहाणूच्या खाडीमुखापर्यंत किनारा किंचित आत वळतो. या वळणात तडियाळे, गुंगवाडा, धाकटी डहाणू अशी मच्छीमारांची गावे वसली आहेत. टोकाच्या दक्षिणेस वरोर, चिंचणी आणि तारापूर येतात. मागे सखल, रुंद किनारपट्टी, नारळी-चिकूच्या वाड्या आणि त्यापलीकडे वारल्यांची डोंगराळ वस्ती. समुद्राकडील बाजूस काळ्या पाषाणाचे सपाट खडक भरतीच्या वेळी झाकले जातात व ओहोटीला दूरवर उघडे पडतात. खोल पाणी किनाऱ्यास लागून नाही. मोठ्या गलबतांना हे बंदर कधी सोयीचे वाटले नाही, याचे कारण हेच. पण जे गलबताला अडचणीचे तेच माशाला अनुकूल असते. खडकांच्या कपारी, खाजणे आणि खाडीचा गाळ यांच्या आश्रयाने कोळंबी व लहान मासळी वाढते आणि तिच्यामागे मोठी मासळी येते.

या किनाऱ्याचे खरे वैशिष्ट्य त्याची भरती-ओहोटी हे आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी सुमारे २ मीटर चढते-उतरते. मुंबईस ते ४ मीटरांहून अधिक, आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ १० मीटरांच्याही पुढे जाते. डहाणू या चढत्या श्रेणीच्या मधल्या पायरीवर आहे. दक्षिण कोकणात, मालवण-वेंगुर्ल्याकडे, मासेमारीचे पारंपरिक साधन रापण हे आहे. तेथे जाळे किनाऱ्यावरून माणसे ओढतात. उत्तरेस जाळे समुद्रात स्थिर राहते आणि पाणीच त्यातून धावते. या जाळ्यास डोल म्हणतात. लांबलचक नरसाळ्याच्या आकाराचे हे जाळे खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहासमोर धरतात. तोंडाकडे मोठी असलेली घरे मागे मागे बारीक होत जातात आणि शेवटी खोल्यात मासळी साठते. पाण्याची ओढ थांबण्याच्या सुमारास जाळे उचलावयाचे. ओढ नसेल तर डोल निरुपयोगी ठरते. म्हणून येथल्या कामाचे पंचांग तिथींवर चालते : पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे उधाण हे कमाईचे दिवस, अष्टमीच्या आसपासचा भांग हे जाळी दुरुस्त करण्याचे.

येथील परिभाषा पाहण्यासारखी आहे. ओहोटीस किनाऱ्यावर ‘सुकती’ असेही म्हणतात, आणि वाळवलेल्या बारीक मासळीस ‘सुकट’. दोन्ही शब्द संस्कृत ‘शुष्क’च्या घराण्यातले आहेत. पाणी सुकते तेव्हा मासळी सापडते आणि मासळी सुकते तेव्हा पैसा हाती येतो, हे या किनाऱ्याचे सारे अर्थशास्त्र या एका धातूत मावले आहे. दुसरा महत्त्वाचा शब्द ‘कव’. डोल जाळ्यांसाठी समुद्रात खुंट रोवलेल्या जागेस कव म्हणतात. (तिचे अनेकवचन ‘कवी’ असे होते, त्यामुळे वृत्तपत्रांतील ‘कवींचा वाद’ हा मथळा पाहून पुण्याच्या वाचकाची भलतीच समजूत होण्याचा संभव आहे.) कव ही जलभूमीतील शेताची जागा होय. अमुक गावाची कव अमुक दिशेस, अमुक खोलीवर, किनाऱ्यावरील अमुक खुणेच्या रेषेत, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी जाते. मांगेला, वैती व कोळी या समाजांनी ते जतन केले आहे. शेतास सातबारा आहे. कवीस तसा उतारा नाही. तिचा हक्क केवळ वहिवाटीचा.

डोल जाळ्यात मांदेली, जवळा, करंदी अशी मासळी येते. पण तिचा राजा बोंबील. हा मासा पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरीच्या उत्तरेपासून सौराष्ट्रापर्यंत विपुल आहे, दक्षिणेस तुरळक होतो आणि पुन्हा बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याच्या मांसात पाण्याचे प्रमाण इतके असते की पकडल्यावर काही तासांतच तो खराब होऊ लागतो. बर्फापूर्वीच्या काळात त्यास सुकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. बांबूंच्या वलांडीवर दोर ताणून, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते टांगतात. पावसाळा सरल्यावर येणारा भरपूर माल, कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन या तिन्हींचा मेळ येथे जमतो. हे काम, तसेच विक्रीचे काम, बहुतांशी स्त्रियांच्या हाती राहिले. पुरुष समुद्राचा हिशेब ठेवी आणि स्त्री बाजाराचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोंबील मिठावाचून सुकतो. ब्रिटिश अमदानीत मिठावरील कर जड होता. १८८८ मध्ये तो मणाला अडीच रुपये झाला. खारवलेल्या मासळीच्या धंद्यास मीठ हाच मोठा खर्च होता. उन्हा-वाऱ्यावर सुकणारा बोंबील त्या ओझ्यातून मोकळा राहिला. उत्तर कोकणातील सुक्या मासळीचा व्यापार त्या काळातही तग धरून राहिला, त्याचे एक कारण या साध्या गोष्टीत असावे.

हा माल कोणासाठी होता, हे पाहण्यास किनारा सोडून घाटावर यावे लागते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कान्हे हे उदाहरणादाखल घेता येईल. आंदर मावळातील खांडी, सावळे, वडेश्वर, टाकवे या गावांकडील वाट कान्ह्याजवळ पुण्याच्या हमरस्त्यास मिळते, आणि तिचे दुसरे टोक कुसूर घाटाने कर्जतच्या बाजूस कोकणात उतरते. अशा वाटांनी बैलांच्या पाठीवरून कोकणचे मीठ व सुकी मासळी वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई. पश्चिम मावळात पाऊस प्रचंड पडतो. भातलावणीच्या दिवसांत बाजार गाठणे दुरापास्त होते. म्हणून वैशाख-ज्येष्ठात आगोटीची बेगमी करावयाची, आणि त्या बेगमीत तिखट-मिठाच्या जोडीला सुकट-बोंबील असावयाचे. समुद्र बंद असतो नेमक्या त्याच महिन्यांत त्याचा माल मावळातल्या चुलीवर शिजतो. मच्छीमाराच्या उन्हाळी मिळकतीस घाटावरच्या पावसाचा असा आधार होता. ‘आगोट’ हा शब्द किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर सारख्याच चिंतेने उच्चारला जातो, तो यामुळेच.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला होऊन मुंबई-पुणे मार्ग अखंड झाला. पुढील वर्षी, १८६४ मध्ये, गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईस पोहोचला आणि डहाणूची किनारपट्टी राजधानीशी जोडली गेली. बोंबलास इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात, ते डाकगाडीतून त्याचा वास येई म्हणून, अशी एक कथा प्रचलित आहे. ती मनोरंजक असली तरी खरी नव्हे. १८५३ मध्ये या देशात पहिली आगगाडी धावली, त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लेखनात हे नाव आढळते. लोहमार्गाने बोंबलास नाव दिले नाही. त्याने मासळीची प्रतवारी बदलली. बर्फ आणि वेगवान वाहन मिळताच ताज्या मासळीस शहरात भाव आला आणि पापलेट, घोळ, दाढा यांची किंमत सुकटीहून कितीतरी वर गेली. डहाणूच्या दक्षिणेचे सातपाटी हे गाव पापलेटासाठी ख्यातनाम झाले. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका स्वीकारण्यात आणि सहकारी संस्थांच्या द्वारे विक्री करण्यात ते अग्रेसर राहिले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटास राज्यमासा घोषित केले. हा मान लाभला तेव्हा पापलेटाची आवक व आकारमान घटत असल्याची तक्रार किनाऱ्यावर जुनी झाली होती.

यंत्राने अंतर कमी केले, तसा कवींचा प्रश्न बिकट झाला. शिडाच्या नौकेला आवाक्याबाहेर असलेल्या खोल पाण्यात खुंट रोवता येऊ लागले. वसई-उत्तनकडील आणि पालघर-डहाणूकडील मच्छीमारांमध्ये हद्दीवरून दीर्घकाळ तंटे चालले. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने साधने व क्षेत्रे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास दिला, आणि पावसाळी बंदीचे दिवसही ठरले. परंतु खुणांच्या रेषांनी मोजलेली कव आणि अक्षांश-रेखांशांनी आखलेला नकाशा यांची भाषा एक नाही. जो हक्क शब्दांत आहे तो आकड्यांत सिद्ध करावयाचा, अशी ही अडचण आहे.

याच पाण्याकडे उद्योगांचीही दृष्टी वळली. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. १९९५ मध्ये डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. दरम्यान २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये त्याच्या रक्षणार्थ एक प्राधिकरण नेमले गेले. वाढवण येथे बंदर करण्याचा पहिला बेत याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये अमान्य केला. ३१ जुलै २०२३ रोजी मात्र नव्या प्रस्तावास त्याने संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. प्रकल्पाचा मान्य खर्च ७६,२२० कोटी रुपये. सुमारे २० मीटरांची नैसर्गिक खोली हा या जागेचा गुण म्हणून सांगितला जातो. ती खोली किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे.

या १,४४८ हेक्टरांच्या मोजणीत शेत नाही, घर नाही. भूमिसंपादनाच्या रूढ अर्थाने येथे कोणाची जमीन जात नाही, आणि गावांच्या विरोधास उत्तर देताना हेच सांगितले जाते. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू येथील मच्छीमारांचे म्हणणे याच्या उलट आहे : जे जाते ते खडकांवरचे प्रजननस्थान आणि भरतीच्या ओढीची ठरलेली वाट. भराव व लाटरोधक बांध प्रवाहाची दिशा बदलतात, आणि डोल ज्या ओढीवर चालते ती ओढ हलली की खुंट जागेवर असूनही जाळे रिकामे राहते. या हानीचे मोजमाप करण्यासाठी आधी कवींची मोजदाद व्हावयास हवी : कोणत्या गावाच्या किती, कोणत्या नावाच्या, किती खोलीवरच्या. ती नावे गावांतील वृद्ध नाखव्यांच्या तोंडी आहेत.