वली : दख्खनचा आणि गुजरातचाही

उर्दूच्या तासाला वली शिकवताना आमची सुरुवातच नावाच्या घोळाने होते. वली दकनी, वली औरंगाबादी, वली गुजराती. मूळ नाव वली मुहम्मद की शमसुद्दीन, यावरही संशोधकांचे एकमत नाही. जन्म १६६७ च्या सुमाराचा, औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर), असे बहुतेक जण मानतात. गुजरातचे अभ्यासक मात्र तो आपलाच म्हणतात. एका शायरावर दोन प्रांतांनी हक्क सांगावा, यात आम्हाला तरी काही वाईट दिसत नाही.

औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतले. दख्खनी काव्याला पोसणारे दरबार गेले, बोली राहिली. तीच घेऊन वली १७०० मध्ये दिल्लीला गेला. तिथले शायर तेव्हा फारसीत लिहीत. बोलीतले लिखाण म्हणजे गंमत. १७२० च्या सुमारास वलीचा दीवान दिल्लीत पोचला आणि घराबाजारातल्या भाषेतही भारदस्त गझल होते, हे दिल्लीकरांना कळले. उर्दू शायरी दिल्लीहून दख्खनला आली असे समजणारे आजही भेटतात, म्हणून हे जरा जोर देऊन सांगावे लागते.

पुढे गंमत अशी झाली, की वलीच्याच वाटेने गेलेल्या शाह हातिमने म्हातारपणी आपला दीवान निवडून ‘दीवानज़ादा’ केला, तेव्हा नैन, जग, नित असले शब्द गाळून टाकले. हे शब्द आमच्या मराठी शेजाऱ्यांना कोश न उघडता कळतात! दख्खनीतला ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ तर मराठीचाच. भाषेची ती साफसफाई झाली नसती, तर मराठी आणि उर्दू शाळांमधली भिंत थोडी ठेंगणी राहिली असती, असे आम्हाला वाटते.

वलीने सुरतेवर मसनवी लिहिली, गुजरातच्या विरहावरही कविता केली. अहमदाबादेतच तो वारला. शाहीबागेत, पोलीस आयुक्तालयासमोर त्याची कबर होती. २००२ च्या दंगलीत ती पाडली गेली आणि लगेच त्या जागेवर डांबर पडले.

हे सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, मग फातेहा कुठं उभं राहून पढायचा?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. तास संपायला दहा मिनिटे होती. आम्ही पुढची गझल वाचायला घेतली.