टक्केवारीतून द्रव हेलियमकडे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. अमेरिकेतील अशा वेधशाळांत चार किलोमीटर लांबीच्या नळ्या निर्वात ठेवतात. नळ्यांच्या टोकांशी द्रव नायट्रोजनने गार केलेले पृष्ठभाग असतात. पाण्याची वाफ त्यांवर गोठून अडकते. नायट्रोजन ७७ केल्व्हिनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. हा आकडा मोजता आला. पण जो वायू कोणी द्रव केलेलाच नाही, त्याला किती थंड करावे लागेल हे आधी कसे कळावे?

उत्तर दिले योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी. हॉलंडमधील हे गृहस्थ मुळात प्राथमिक शाळेतील शिक्षक. १८७३ च्या प्रबंधात त्यांनी रेणूंचे आकारमान व परस्पर आकर्षण लक्षात घेऊन वायूंचे समीकरण मांडले. १८८० साली त्यातूनच ‘अनुरूप अवस्थांचा नियम’ निघाला.

आपण ५० पैकी ३० आणि १०० पैकी ६० गुण टक्केवारीने सारखे ठरवतो. तसेच इथे. ज्या तापमानाच्या वर कितीही दाब देऊन वायूचा द्रव होत नाही, ते त्याचे क्रांतिक तापमान. प्रत्येक वायूचे तापमान, दाब व आकारमान त्याच्याच क्रांतिक मूल्यांच्या पटीत मोजले, तर निरनिराळे वायू जवळजवळ सारखे वागतात. मुलांकडून भागाकार करून घ्यावा: नायट्रोजन ७७/१२६, ऑक्सिजन ९०/१५५, अरगॉन ८७/१५१. उत्तर दरवेळी ०.६ च्या आसपास येते.

लायडनच्या कामर्लिंग ओनेस यांनी द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत हेलियमचे दाब व आकारमान मोजले आणि ते आकडे या नियमाशी ताडून पाहिले. क्रांतिक तापमान ५ ते ६ केल्व्हिन असावे, असे निघाले. म्हणजे काम अवघड, पण अशक्य नव्हे. १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रव झाला.

मात्र हेलियमचा भागाकार ४.२/५.२, म्हणजे ०.८ येतो! त्याचे अणू फार हलके व आकर्षण क्षीण, म्हणून तेथे पुंज यांत्रिकीचे परिणाम डोकावतात. लांबट किंवा ध्रुवीय रेणूही नियमापासून ढळतात. यासाठी १९५५ साली केनेथ पिट्झर यांनी हिशेबात आणखी एक संख्या घातली. रासायनिक कारखान्यांचे अभियंते आजही ती वापरतात.

नियम कुठे लागू पडतो याबरोबरच तो कुठे चुकतो, हेही वर्गात दाखवावे. पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.