मुक्या जनावराच्या पोटाचे निदान

जीवदया हा जैन आचाराचा प्राण होय. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळाची स्थापना झाली. मुक्या जनावरांना आसरा लाभला; परंतु त्यांच्या पोटातील दुखणे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. चाऱ्याबरोबर गिळलेली तार गायीच्या पोटातील जाळीदार कप्प्यात रुतते, कधी हृदयापर्यंत पोहोचते.

१९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींद्वारे मानवी उदराच्या तपासणीचे संशोधन प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात झुरिक विद्यापीठातील प्रा. उएली ब्राउन यांनी गायींच्या पचनसंस्थेचा याच पद्धतीने सखोल अभ्यास केला. निरोगी गायीचा जाळीदार कप्पा मिनिटाला साधारण एकदा आकुंचन पावतो. सोनोग्राफीत ही गती मंदावलेली, कप्पा भोवतालच्या अवयवांना चिकटलेला किंवा तेथे गळू झालेले दिसते. तार स्वतः सहसा दिसत नाही. तिच्यासाठी क्ष-किरणच उपयोगी पडतात.

तरीही पोट उघडण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने जीव वाचेल की केवळ यातना वाढतील, याचा अंदाज बांधता येतो. जनावराला आसरा देणे ही दया खरीच. परंतु त्याची व्यथा जाणून मगच उपचार करणे, हे तिचे पुढचे पाऊल होय.