ऊसतोड मजूर (बारामती–इंदापूर)

साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊस तोडून वाहतुकीसाठी भरून देणारा हंगामी स्थलांतरित कामगारवर्ग. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या दुष्काळी पट्ट्यात आले आणि उसाची शेती वाढली. पुढे वालचंदनगरचा खासगी, तर माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगरचे सहकारी कारखाने उभे राहिले.

तोडणीसाठी टोळ्या येतात त्या मुख्यतः बीड, अहिल्यानगर, जालना अशा कोरडवाहू भागांतून. दिवाळीच्या आसपास आलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हिशेब टनावर होतो आणि पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडतात.

व्यवहाराचे मूळ उचल हे आहे. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी ही आगाऊ रक्कम देतो, ती मजुरीतून फिटते. न फिटल्यास पुढच्या हंगामालाही मजूर बांधलेला राहतो. गैरहजेरीचा दंड म्हणजे ‘खाडा’. जनावरांसाठी विकले जाणारे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) ही वरकमाई.

दरवाढ संप आणि वाटाघाटींतून मिळते. जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली. मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. त्यांच्या मुलांसाठी हंगामात कारखान्यालगत भरणाऱ्या साखरशाळांचा प्रयोग झाला.

ऊसतोड हंगामी असली, तरी याच भागातील बारामती एमआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पियाजिओसारखे उद्योग व टेक्स्टाईल पार्क असून तिथे बारमाही पगार मिळतो. त्यासाठी लागणारे शिक्षण मात्र दरवर्षी शाळा अर्धवट सोडणाऱ्या मजुरांच्या मुलांना मिळणे कठीण जाते. तोडणी यंत्रे वाढत असली, तरी लहान, तुकड्यांच्या फडांत ती वळवणे अवघड जाते, म्हणून तिथे मजूर लागतातच.