खानेसुमारीतले 'इतर'

आमचं ओझर म्हटलं की लोकांना विघ्नहर गणपती आठवतो, फार तर कुकडी नदी आणि येडगावचं धरण. पण जुन्नर तालुक्यात पश्चिमेला, घाटमाथ्याकडे गेलं की बोलण्याचा सूर बदलतो. तिकडे महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती. त्याच अंगाला नाणेघाटात सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी प्राकृतात लेख कोरून ठेवला. राजाची भाषा दगडावर राहिली. घाटाच्या आसपास राहणाऱ्यांची कुणी लिहायची?

असल्या प्रश्नामागे आयुष्य घालवलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे. डॉ. गणेश देवी, जन्म भोरचा. बडोद्याला विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९९६ साली नोकरी सोडून त्यांनी 'भाषा' ही संस्था काढली, पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली.

आता जरा आकडे बघा. १९६१ च्या खानेसुमारीत १६५२ मातृभाषांची नोंद होती. १९७१ साली ठरलं, की दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषेचं नाव छापायचं नाही. यादीत उरल्या १०८! काही बोली मोठ्या भाषांच्या पोटात गेल्या, उरलेल्या सगळ्या 'इतर'. बोलणारी माणसं होती तिथेच होती, फक्त कागदावरून गेली.

मंडळी, हा नुसता यादीचा वाद नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० अ सांगतं. पण जिचं नावच नाही, तिच्यात पुस्तक कोण काढणार? नाव असूनही भागतंच असं नाही. २०११ च्या गणनेत भिली बोलणारे एक कोटीच्या वर, गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख, आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे. भिली, गोंडी नाहीत. संस्कृतशी माझं काही वाकडं नाही, पण मोजमापाचा न्याय कुठला? संथाली आणि बोडो यांनाही २००३ पर्यंत थांबावं लागलं.

देवींनी २०१० मध्ये लोकांकडूनच भाषांचं सर्वेक्षण सुरू केलं. ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. बोलणारे मात्र जेमतेम काही हजार.

पहिलीतल्या पोराला घरचा शब्द उच्चारल्यावर 'अशुद्ध' म्हणून हटकलं, की ते पोर गप्प बसतं. भाषा मरते ती अशी, एकेका पोराच्या गप्प बसण्यातून. खानेसुमारी नंतर फक्त शिक्का मारते.

असो. ओझर-नारायणगावकडच्या आपल्या नातेवाइकांना एकच विनंती. आजी-आजोबांच्या तोंडचे पावसाचे, रानभाज्यांचे, गुरांच्या रंगांचे शब्द एका वहीत उतरवून ठेवा. शुद्ध-अशुद्ध बघू नका. आणि कुणी सापडलेच, तर मलाही कळवा.